अटकेसाठी किरकोळ रजा

अटक करून घेण्यासाठी साहेबाकडे रजेचा अर्ज टाकणारा सत्याग्रही अख्ख्या गिरगावात एकच होता, आणि तो आमच्या शेजारच्या खोलीत राहत होता.

भाऊकाका फोर्टातल्या एका इंग्रज कंपनीत हेडक्लार्क. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात होती, तेव्हा एका सकाळी त्यांनी मला गॅलरीत गाठलं.

"काय गं कॉन्व्हेंट, एवढं वाचून बघ. इंग्रजी बरोबर आहे ना?"

अर्जात लिहिलं होतं, की येत्या सोमवारी सत्याग्रह करून अटक होण्याचा विचार असल्याने आठ दिवसांची किरकोळ रजा मिळावी. सुटका लवकर झाल्यास अर्जदार ताबडतोब कामावर हजर होईल.

इंग्रजी बिनचूक होतं. मी मान डोलावली. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे आपलं मराठी ऐकून कोणी हसेल, या धास्तीनं मी चाळीत मान डोलावण्यावरच भागवत असे. तरी धीर करून विचारलं, "साहेब रागावले तर?"

"रागावेल कशाला? न सांगता दांडी मारली तर रागावेल. सगळं कसं रीतसर हवं."

साहेबानं सही केली. वर "गुड लक" म्हणाला म्हणे.

भाऊकाकांचं सगळंच असं. दिवसभर इंग्रजाची पत्रं टाइप करायची, संध्याकाळी मोर्चात "मुंबई आमची" म्हणून ओरडायचं, आणि सकाळचा चहा मात्र समोरच्या जमनादासभाईंकडे.

"भाऊ, मुंबई तुमची झाली तर मी कुठे जाऊ?" जमनादासभाई विचारायचे.

"तुम्ही कशाला जाता? मग मला चहा कोण पाजणार?"

त्यावर जमनादासभाई घोषणांनी घसा बसू नये म्हणून त्यांच्या हातावर ज्येष्ठमधाची कांडी ठेवायचे.

पण अटक काही होईना. पहिल्या सोमवारी त्यांचा कोट, टोपी आणि छत्री बघून इन्स्पेक्टर म्हणाला, "काका, बाजूला व्हा, इथं धरपकड चाललीय." दुसऱ्या खेपेला पोलिसांच्या गाडीशी ते बाकीच्या सत्याग्रहींना "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत राहिले आणि गाडी भरून निघून गेली. कपड्यांची पिशवी घेऊन ते परत आले, की चाळ विचारायची, "काय भाऊकाका, आजही सुटका?" सगळे हसायचे. भाऊकाका हसायचे नाहीत. त्यांना तुरुंगात जायचंच होतं.

तिसऱ्या खेपेला मी कॉलेजातून येत होते. गर्दीतून त्यांनी मला पाहिलं, कोट-टोपी उतरवून छत्रीसकट माझ्या हातात दिली, "धर गं," म्हणाले आणि नुसत्या सदऱ्यावर रस्त्यात फतकल मारून बसले. दोन हवालदारांनी त्यांना उचललं. गाडीच्या जाळीतून त्यांनी असा हात हलवला, जणू वरातीलाच निघाले होते.

आठ दिवसांनी ते सुटले. जमनादासभाईंनी हार घातला, आईनं ओवाळलं. ज्याच्यासाठी इतके दिवस धडपड केली ते मिळूनही भाऊकाकांचा चेहरा उतरलेला.

संध्याकाळी मी कोट द्यायला गेले. ते भिंतीकडे तोंड करून जेवत होते. पातेल्यात वाटीभर भात.

"काका, तिथं फार त्रास झाला का?"

"छे गं! तिथं पंगत असायची. साठ-साठ माणसं. कोणी मीठ वाढतंय, कोणी डाळीला नावं ठेवतंय. 'भाऊ, भात घ्या अजून,' म्हणून मागे लागायचे." त्यांनी भात कालवायला घेतला. "ही गेल्यापासून नऊ वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. संयुक्त महाराष्ट्र पाहिजेच, त्यात बदल नाही. पण कोणाला सांगू नकोस, दुसऱ्या दिवसापासूनच मला सुटकेची भीती वाटायला लागली होती."

मी घरी आले. आईनं माझं पान वाढलेलं होतं. ते उचललं आणि तशीच त्यांच्या दारात गेले.

"भाऊकाका, सरका जरा."

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. भाऊकाका गडबडून उठले आणि दुसरा पाट शोधू लागले. तो माळ्यावर, पार मागे होता. त्यावरची धूळ पुसायला त्यांना बराच वेळ लागला.