देवाजी टेलर आणि फोनातला गोल

आमच्या शेजारचे देवाजी टेलर रोज सकाळी भिंतीवरून फोन धरलेला हात आमच्या अंगणात आणतात आणि विचारतात, "भाऊ, रंग कोणता?"

चहा झाला का, बरे आहात का, काही नाही. भिंत उंच आहे, त्यामुळे माणूस दिसत नाही, फक्त हात दिसतो. पहिल्यांदा तो आला तेव्हा माझी बायको भांडी टाकून घरात पळाली होती.

देवाजींना लाल आणि हिरवा यांतला फरक जन्मापासून दिसत नाही. दोन्ही रंग वाळल्या गवतासारखे दिसतात म्हणे. असा माणूस टेलर कसा झाला, हे लाखनीत कोणी विचारत नाही, कारण देवाजींकडे कापड टाकताना धागा आणि बटणं आपणच न्यायची, ही इथली जुनी रीत आहे. आमच्या राइस मिलमधला एक हमाल हे विसरला आणि हिरव्या सदऱ्याला लाल काजं घेऊन भावाच्या लग्नात मिरवला. तक्रार करायला गेला तर देवाजी म्हणाले, "रंगाचं तुम्ही पाहा, मापाचं मी पाहतो. खांद्यात बसला का नाही?" बसला होता. मी मिलमध्ये हिशेब लिहितो. ज्याचा आकडा चुकत नाही, त्याच्याशी माझं जमतं.

मग त्यांच्या बायकोचं, सुशीलावहिनींचं, हृदय कमजोर झालं. अंगात पाणी साचायचं, दम लागायचा. भंडाऱ्याच्या दवाखान्यानं घरी एक वजनकाटा दिला आणि देवाजींच्या फोनात एक अ‍ॅप टाकून दिलं. वहिनींनी रोज सकाळी काट्यावर उभं राहायचं, की फोनात एक गोल उमटणार. हिरवा असला तर नेहमीच्या गोळ्या घ्यायच्या. लाल असला तर अंगात पाणी वाढलं, लगेच दवाखान्यात यायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही समजावं, म्हणून आकडे आणि अक्षरं मुद्दाम काढून टाकली होती. काट्यावरसुद्धा आकडा नव्हता.

हेतू चांगला होता. पण देवाजी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस. ते फोनवर चिडायचे, "मले आकडा दे ना बाबा, रंग कायले देऊन राहिला?" दवाखान्यात मात्र त्यांनी हे सांगितलं नाही. रंग न दिसणारा टेलर म्हणून परगावी हसं होईल, अशी भीती.

वहिनींना रंग उत्तम दिसतात. पण त्यांना विचारून उपयोग नव्हता. "तिले सारं जग हिरवंच दिसते," देवाजी म्हणायचे. एकदा ओठ निळे पडेपर्यंत त्या हिरवाच सांगत राहिल्या होत्या. दवाखान्यात भरती झाले तर यांच्या पोटापाण्याचं कोण पाहील, ही त्यांची काळजी. म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

वाटतं तितकं ते सोपं नाही. रोज एक शब्द सांगायचा, पण तो चुकून चालत नव्हता. हात यायच्या आधीच मी भिंतीला कान लावून वहिनींचा खोकला ऐकायचो. कमी असला तर जीव भांड्यात पडायचा. हिरवा म्हटलं की पलीकडून "बरं" येई आणि हात जाई. आपल्या तोंडून दुसरा शब्द निघण्याची वेळ येऊ नये, एवढंच मी मागत होतो.

मध्यंतरी सानगडीला नात्यातलं लग्न होतं, त्यासाठी दोन दिवस गेलो. परत आल्यावर दुसऱ्या सकाळी हात आला. गोल लाल होता.

हिरवा म्हणालो असतो तर हात नेहमीसारखा परत गेला असता.

"लाल आहे, दादा."

"उन्हात धरून पाहा."

उन्हात धरला. मग म्हणाले, तुमच्या घरच्या वहिनीले दाखवा. माझ्या बायकोनं पाहिला आणि मान हलवली. भिंतीपलीकडे मान दिसत नाही, म्हणून तिला बोलावं लागलं. "लालच आहे, भाऊजी."

पलीकडून सुशीलावहिनींचा आवाज आला, एकेका शब्दाला धाप लागत होती. "चहा तरी पिऊ द्या आमच्या यायले. सकाळी सकाळी कायले भेव घालता?"

जीप करून आम्ही त्यांना भंडाऱ्याला नेलं. रस्ताभर देवाजींनी वहिनींचा पदर मुठीत धरला होता आणि पुढचा ट्रक हळू का चाललाय, असं ड्रायव्हरला सारखं विचारत होते. दवाखान्यातल्या सिस्टरनं फोन पाहिला आणि कपाळाला हात लावला. गोल तीन दिवसांपासून लाल होता. तो दवाखान्यातही दिसतो, म्हणून तिथून फोनही केले होते, पण अनोळखी नंबर म्हणजे बँकेच्या नावानं लुटणारे, असं धरून देवाजींनी ते उचललेच नाहीत. रंगाची गोष्ट मी सांगितली तेव्हा सिस्टरनं ती लिहून घेतली. म्हणाली, आकडा दाखवा म्हणून वर कळवते.

वहिनींना पाणी उतरायची इंजेक्शनं सुरू झाली. बाहेर बाकावर मी देवाजींना विचारलं, मी नव्हतो तर दुसऱ्या कोणाला काहून नाही विचारलं?

ते म्हणाले, "मले माहीत होतं, भाऊ. मी रोज रात्री ती झोपली की तिचा घोटा मोजतो. अर्धा इंच वाढला, मग अजून वाढला. मले वाटलं, टेप आखडली. नवी टेप आणली. नव्या टेपनंही तेच सांगितलं." आणि मान खाली घालून, "तुम्ही हिरवा म्हटलं असतं, तर मी मापाले खोटं मानलं असतं. तुमच्यासाठीच थांबलो होतो."

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो, तेव्हा वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या. देवाजींनी खिशातून टेप काढली आणि माझ्या हातात दिली.

"आज तुम्ही मोजा. मले भेव लागते."

ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. वहिनींनी पाय पुढे केला आणि हसल्या, "खरं सांगजा, भाऊजी. खोटं बोलायले मी आहो." मी माझ्या सवयीनं दोनदा मोजलं आणि आकडा सांगितला. देवाजींनी पुन्हा विचारला. मी पुन्हा सांगितला.

"उतरून राहिला," देवाजी भिंतीलाच म्हणाले. वळले मात्र नाहीत. खांदे हलायचे थांबले, तेव्हा मी टेप परत त्यांच्या हातात द्यायला गेलो. ती त्यांनी घेतली नाही.

"असू द्या तुमच्याजवळ. संध्याकाळी बी येजा."