वानखेड्यांचा बिनचूक हिशेब

१० फेब्रुवारी २००९. माझ्या पाळणाघराच्या वर्षभराच्या पावत्या लिहायचं काम. हिंजवडीत नोकरी करणारे आईबाप या दिवसांत कंपनीत करबचतीचे कागद देतात, आणि मग सगळ्यांना माझी आठवण होते. मी लिहीत असते आणि समोर बसलेले वानखेडे प्रत्येक पावतीवर एकच शेरा मारतात, "बसत नाही."

म्हणजे करसवलतीत बसत नाही. वानखेडे वरच्या मजल्यावर एकटे राहतात. मूळचे अमरावतीचे, पिंपरीच्या एका कारखान्याच्या हिशेब खात्यात आयुष्य गेलं. आता सोसायटीतल्या सगळ्यांचे कराचे कागद फुकट भरून देतात आणि त्या बदल्यात प्रत्येकाला चार शब्द सुनावतात. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी आहेत, बसणाऱ्या आणि न बसणाऱ्या. समोरच्या घरी पहिल्या मुलीनंतर जुळं झालं तेव्हा सगळे पेढे खात होते आणि हे गंभीर. "शाळेची फी दोनच मुलांची बसते हो. तिसरं कुठे दाखवणार?"

त्या सकाळी ईराच्या आईने पावतीवर 'नर्सरी फी' लिहून मागितली. नर्सरीच्या फीला सवलत आहे, पाळणाघराच्या पैशांना नाही. मी तोंड उघडायच्या आत वानखेडे म्हणाले, "दीड वर्षाची पोर. खाते, झोपते, बोंबलते. यात शिक्षण कोणतं, मॅडम?" मॅडमनी आहे तीच पावती घेतली. ईरा मात्र वानखेड्यांच्याच बोटाला लोंबकळत होती. हे रोजचंच. येतात पावत्या तपासायला, आणि मुलांनी उलटसुलट घातलेले बूट नीट करत बसतात.

"तिकडे असं नाही," हे त्यांचं दुसरं वाक्य. तिकडे म्हणजे अमेरिकेत, मुलाकडे. तिथे आईबाप दोघंही नोकरी करत असले, तर पाळणाघराच्या खर्चावर करात सूट मिळते. नातू झाल्यापासून त्यांनी तिथले नियम पाठ केले होते. सुनेची रजा संपत आली होती. बाळाला सांभाळायला आपल्यालाच बोलावतील या भरवशावर वानखेड्यांनी व्हिसा काढला, लक्ष्मी रस्त्यावरून मोठी निळी बॅग आणली, तिला मुलाचा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेलं लेबलही लावलं. दिवाळीपासून ती बॅग त्यांच्या दाराशी उभी होती. नातवाला त्यांनी अजून हातात घेतलं नव्हतं. रविवारी कॉम्प्युटरवर दिसायचा, तेवढाच.

संध्याकाळी मुलं घरी गेल्यावर ते ती बॅग घेऊन खाली आले.

"मुलांच्या चादरी ठेवा यात. तुमच्या कामाची आहे."

"आणि तुम्ही काय, गाठोडं घेऊन जाणार अमेरिकेला?"

ते बुटांच्या फळीशी बसले. मुलाने विचारलं होतं म्हणे, बाबा, तुम्ही येता की बाळाला पाळणाघरात घालू? यांनी हिशेब मांडून पाठवला. यांना व्हिसावर सहाच महिने राहता येणार, आणि तिथे पाळणाघरात धरलेली जागा सोडली तर पुन्हा मिळत नाही. म्हणजे हे गेले तरी जागेचे पैसे भरायचेच, वर तिकीट, वर विमा.

"शिवाय पाळणाघराला सवलत आहे," ते म्हणाले. "आजोबाला नाही."

"मग असला हिशेब पाठवलात कशाला?"

"मला वाटलं, तो म्हणेल, हिशेब राहू द्या बाबा, तुम्ही या."

"काय म्हणाला?"

"बरोबर आहे तुमचं, म्हणाला."

मी म्हटलं, एखादा आकडा चुकलाही असेल.

"दोनदा तपासला, बाई."

फळीखाली ईराचा एक मोजा पडला होता. तो त्यांनी उचलला, झटकला, घडी करून तिच्या कप्प्यात ठेवला आणि वर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलं यायच्या आत, मी बॅगेच्या लेबलावरचा नंबर फिरवला. तिकडे संध्याकाळ होती, मागे बाळ रडत होतं. मी कोण ते सांगितलं आणि म्हटलं, "तुमच्या वडिलांच्या हिशेबात मोठी चूक आहे."

तो गोंधळला. "कुठे? मी नीट पाहिला होता."

"कागदावर नाही दिसायची. त्यांना तिकडे बोलावून घ्या आणि समोर बसवून विचारा," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.