पन्नासावं कार्ड

नदीन कुपकाने मार्चमध्ये संगणकावर एक बटण दाबलं आणि जूनमध्ये ते तिच्या गळ्याशी आलं.

ओहायोतल्या त्या झाडूच्या कारखान्यात टेलिफोनवाली, कारकून, सगळं तीच. झाडू जायचे लष्कराच्या तळांवर. आता सरकारला माल विकणाऱ्याकडे पन्नास माणसं असली, की बायका, अल्पसंख्य, अपंग, माजी सैनिक यांना कामात संधी देण्याचा आराखडा दरवर्षी लिहायचा आणि तो लिहिलाय असं संकेतस्थळावर प्रमाणित करायचं. मालक वर्लिन स्टोल्ट्झ म्हणाला होता, "आहे म्हणून टाक गं. आपण कुठं कुणाला नाही म्हणतो?" नदीनने टाकलं. प्रमाणपत्राखाली नाव मात्र तिचं.

आता कामगार खात्याचं पत्र आलं होतं, आराखडा तीस दिवसांत पाठवा. असता तर पाठवला असता ना! खोटं प्रमाणपत्र दिलं म्हणून आपल्यालाच धरणार, या धास्तीने नदीनची अन्नावरची वासना उडाली. शुक्रवारचे पिएरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, तेसुद्धा तिने वर्लिनपुढे सरकवले. आणि या पठ्ठ्याने ते खाल्ले.

खाऊन झाल्यावर मात्र त्याने आराखडा लिहिणारं माणूस शोधलं. रोझाल्बा किंतेरो, वीस वर्षं सैन्यात नोकरी करून कोठाराची कागदपत्रं सांभाळलेली बाई. सोमवारी सातला ती रुजू झाली, आधी स्वतःचे फॉर्म भरले आणि मग माणसांची मोजणी मागितली. नदीनने दारापाशी टांगलेली हजेरीची कार्डं आणून दिली. मार्चमध्येही तिने हीच मोजली होती, बरोबर पन्नास भरली होती. पगार बाहेरची कंपनी करायची, त्यामुळे पगाराच्या यादीकडे बघायची वेळच आली नव्हती.

रोझाल्बाने ती यादी मागवली आणि कार्डांशी ताडून पाहिली. "हा सार्जंट कोण? रोज वेळेवर हजर, रजा एक नाही, आणि पगार कधीच घेतलेला नाही."

वर्लिन खोकला. सार्जंट म्हणजे गोदामात उंदीर धरणारा बोका. कामगारांनी गमतीत त्याचं कार्ड केलं होतं आणि सकाळी जो पहिला येईल तो त्याची हजेरी लावायचा.

"म्हणजे एकोणपन्नासच की!" वर्लिन खूश झाला. "मग आराखडा कसला नि काय. तसं कळवून टाका. बाई, तुमचं काम तर झालंच म्हणायचं."

"मला मोजलंत का?" रोझाल्बाने विचारलं.

वर्लिनने कार्डं पुन्हा चाळली.

"काल एकोणपन्नास होते. आज सातपासून पन्नास आहेत," ती म्हणाली.

वर्लिनच्या मनात काय आलं ते त्याच्या तोंडावर लगेच उमटलं. रोझाल्बाने ते वाचलंही. "काढा की मला. तुमच्याकडची एकुलती एक माजी सैनिक, त्यात बाई, त्यात डावा कान गेलेला. का काढलं ते खातं विचारेल. त्याचं उत्तर लिहायला माणूस लागेल, आणि ते काम करणारी मीच."

वर्लिनने तिला बरी खुर्ची आणून दिली.

खात्याला तिने चार ओळी लिहिल्या. मार्चमध्ये मोजणी चुकली, तेव्हा माणसं एकोणपन्नास होती, आराखडा आता तयार होतोय. नदीनने ते पत्र स्वतः टपालात टाकलं आणि येताना दोघींसाठी पिएरोगी आणले. वर्लिनला विचारलंही नाही.

त्या दिवशी कारखान्यातून नाव कमी झालं ते एकट्या सार्जंटचं. तो दुसऱ्या दिवशीही वेळेवर आला.