काचेची कलेजी, शाकाहारी हॉल

सहकारी गृहनिर्माण संस्थेचं चारित्र्य तिच्या जिन्यात येणाऱ्या वासावरून ठरतं. मुलुंडच्या 'सुविचार' सोसायटीचं चारित्र्य या बाबतीत निष्कलंक होतं. तिथे मांसाहार कुणीच करत नसे. (रविवारी दुपारी सगळ्यांच्या खिडक्या बंद असत, पण तो डासांचा बंदोबस्त.)

अशा पवित्र वास्तूत अनुपमा मयेकर राहायची. प्रयोगशाळांच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात ती काच फुंकायला शिकली आणि सुट्टीच्या दिवशी तिथल्याच बर्नरवर खाटकाच्या दुकानातलं सौंदर्य घडवू लागली. तपकिरी-लाल काचेची कलेजी, दुधी चरबीतले गुर्दे, उजेड आरपार जाणाऱ्या बरगड्या. शहरातल्या गॅलऱ्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. उरला सोसायटीचा हॉल.

"हॉलमध्ये नॉनव्हेज चालत नाही, माहितीय ना तुला?" सेक्रेटरी विद्याधरकाका म्हणाले.

"काका, काच आहे ती. वाळूपासून होते."

"वाळू शाकाहारीच आहे गं. पण तुझा हेतू?"

हेतूचा प्रश्न गंभीर असल्याने उपसमिती नेमली गेली. उपसमितीने कलेजी हुंगली. (ती चाटून पाहण्याचा ठराव थोडक्यात फेटाळला गेला.) निष्कर्ष निघाला: पदार्थ शाकाहारी, आकार मांसाहारी. सबब, प्रत्येक वस्तूला भाजीचं नाव द्यावं.

अनुपमाला रडू आलं आणि हसूही. हसू आधी आलं, म्हणून ती हो म्हणाली. कलेजीचं वांगं झालं, गुर्द्यांचा राजमा, बरगड्यांच्या शेवग्याच्या शेंगा.

उद्घाटनाला विद्याधरकाका भाजीपाल्याच्या सात्त्विकतेवर बोलले. टाळ्या पडल्या. मग त्यांच्या पत्नी, विमलाकाकू, वांग्यापुढे थबकल्या.

"काय हुबेहूब केलंयस गं! हा कडेचा पातळ तुकडा आमचे हे कधी कुणाला देत नाहीत."

विद्याधरकाका पंख्याकडे बघू लागले.

"कुणाकडून आणता?" मागून दबक्या आवाजात तळमजल्याच्या रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"स्टेशनजवळच्याकडून."

"छे! तो हाडंच जास्त घालतो."

बांध फुटला. कुणी राजम्यापुढे आलं-लसणाचं प्रमाण सांगू लागलं, कुणी शेंगांपुढे कुकरच्या शिट्ट्या. अनुपमाने भाजीच्या नावाची एकेक चिठ्ठी काढून टाकली. कुणाची हरकत आली नाही. तिच्या वस्तूंना माणसं प्रथमच खऱ्या नावाने हाका मारत होती, आणि तिचं पोट तेवढ्याने भरलं.

इतिवृत्तात 'भाज्यांचं प्रदर्शन उत्साहात पार पडलं' एवढीच नोंद आहे, आणि ती एकमताने मंजूर झाली.

हे वाचताना ज्यांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि ज्यांनी नाक मुरडलं, त्या दोन्ही पक्षांनी जरा आपल्या उजव्या बरगडीखाली हात ठेवून पाहावा. तिथे आहे ते वांगं नव्हे.