गांगुर्डेंची हजेरी

हेल्मेटची पूजा करायची कल्पना माझी होती, हे आधीच कबूल करतो. दसऱ्याला समोरच्या बांधकामावरचे मजूर थापी, ओळंबा, फावडं पुजतात. शेजारी हेल्मेटं ठेवा, म्हणजे त्यांनाही मान मिळेल, असं मी हेल्मेटसाठी मजुरांच्या मागे लागलेल्या गांगुर्डेंना सुचवलं. मान इतका मिळाला, की दुसऱ्या दिवशी सगळी हेल्मेटं झेंडूच्या माळांसकट देवाच्या फोटोखाली आणि सगळी डोकी उघडी!

"हळदकुंकू लावलेली वस्तू घामट डोक्यावर कशी घालायची, सर? पाप लागंल," मजूर म्हणाले.

गांगुर्डे स्वतः पूजाअर्चा करत नाहीत, त्यामुळे उत्तरपूजा माझ्याच गळ्यात आली. अक्षता टाकून मी देवांना हेल्मेटातून निघायची विनंती केली. गांगुर्डे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

ते आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या सेफ्टी विभागातून रिटायर झाले, पण त्यांच्या गळ्यातली शिट्टी काही रिटायर झाली नाही. पाथर्डी फाट्याला आमच्या समोर सात मजली इमारत चढायला लागली आणि गांगुर्डे पुन्हा कामाला लागले. भाजी आणायलासुद्धा हेल्मेट घालून जातात. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढून पंखा पुसायला घेतला, की अंगणातून शिट्टी. "सर, उतरा! खुर्ची बसायला असते!"

समोरच्या कंत्राटदारानं एकदा वैतागून विचारलं, "काका, तुम्ही नक्की कोणाकडून?"

"पडणाऱ्याकडून," गांगुर्डे म्हणाले, आणि त्याच्या ऑफिसबाहेर खुर्ची टाकून बसले. फ्लॅट बघायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "पडणाऱ्याला झेलणारी जाळी दिसली का हो तुम्हाला कुठे?" आठवड्यात इमारतीभोवती जाळी लागली. बाजू मात्र तीनच. चौथीसाठी खुर्ची अजून तिथेच आहे.

शिवाय रोजची हजेरी. सकाळी पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांचा टेम्पो आला, की हे फाटकाशी उभे राहून माणसं मोजणार. संध्याकाळी तेवढीच टेम्पोत चढली, की मगच चहा पिणार.

परवा दुपारी त्यांना ताप आला. म्हणाले, "सर, संध्याकाळची हजेरी तुम्ही घ्या. सकाळी तेवीस आलेत."

मी हायस्कुलात गणित शिकवतो. संध्याकाळी टेम्पोत बावीस भरले. पुन्हा मोजले, तरी बावीसच. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मुकादम म्हणाला, "कोणी आधी गेलं आसंल, सर." मलाही ते पटलं होतं. निव्वळ बोलणी बसतील या भीतीनं मी गांगुर्डेंना फोन केला.

दोन मिनिटांत माकडटोपी, त्यावर हेल्मेट, अंगावर शाल असे ते आले आणि टेम्पोपुढे उभे राहून एवढ्या जोरात शिट्टी मारली, की हॉर्नही गप्प झाला. मग वरून हाक ऐकू आली.

पाचव्या मजल्यावर हिराबाई होती. जिना अजून चौथ्या मजल्यापर्यंतच झाला होता. ती मागच्या बाजूला भिंतींना पाणी मारत राहिली आणि सेंट्रिंगवाल्यांनी वर चढायची शिडी काढून नेली. मजुरांनी शिडी लावून तिला उतरवलं.

"लय हाका मारल्या," ती म्हणाली. "कोणी ऐकंना. मंग परांचीवरून उतरायला एक पाय भायेर टाकला, तं शिट्टी वाजली. म्हटलं, बाबा आलं. पाय आत घेतला."

परांची म्हणजे बाहेरून बांधलेले बांबू. त्या बाजूला जाळी नव्हती.

टेम्पो गेला. गांगुर्डे विटांच्या ढिगावर बसले.

"माझे वडील बिगारी होते, सर," ते म्हणाले. "एका संध्याकाळी सगळे ट्रकमध्ये बसून आले. वडील आले नाहीत. आईनं विचारलं तेव्हा लोक एकमेकांकडे बघायला लागले. सकाळी सापडले, इमारतीच्या मागं. पडल्यावर बराच वेळ जिवंत होते म्हणतात." मग हेल्मेट सारखं करून उठले. "मोजायला काय लागतं हो?"

मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. बावीसवर माझंही समाधान होत आलं होतं, हेसुद्धा सांगितलं. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण तिनं कढीखालचा गॅस बंद केला.

मग म्हणाली, "अंगात एवढा ताप. ते घरी पोचले की नाही, हे कोण बघतं? जा, बघून या."