रुपयामागे पैसा

वामनराव खेडकरांना नुसता आकडा सांगून कोणी सुटत नसे. डॉक्टरांनी दोन पुड्या घ्यायला सांगितल्या, तर हे विचारणार, दिवसाच्या की आठवड्याच्या? शेजारच्या मुलीच्या सोयरिकीत मुलाकडचे तोऱ्यात म्हणाले, मुलाला साठ रुपये मिळतात. वामनरावांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "महिन्याले का वर्षाले?" वर्षाला निघाले.

मी कळमेश्वरहून नागपूरला कॉलेजात आलो, तेव्हा महाल भागात त्यांच्याच घरची पुढची खोली मला भाड्यानं मिळाली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे कोणी काही विचारलं, की परीक्षेला बसल्यासारखं वाटे. वामनराव बँकेत कारकुनी करून निवृत्त झाले होते. पत्नी वारलेली, मुलगी जबलपूरला दिलेली. म्हणून सकाळी वर्तमानपत्र आलं, की समोर असेल तो त्यांचा विद्यार्थी. बहुधा गवळी.

"सरकारी कर्जाच्या कागदावर छापले साडेतीन टक्के," ते त्याला समजावत, "पण शंभराचा कागद तुले सत्तराले भेटला, तर पडले किती? पाच. छापल्यावर जाऊ नको गा, पडते किती ते पाय."

पुढे पुढे गवळी वर्तमानपत्राच्या आधीच दूध घालून जाऊ लागला.

मीही त्यांना थोडा हसत असे, हे कबूल केलं पाहिजे. मग शेवटच्या वर्षाची फी भरायची वेळ आली. फी आणि पुस्तकं मिळून शंभर रुपये हवे होते. नाही मिळाले, तर कॉलेज सोडून घरी जायचं. पुढच्या वर्षी संत्र्यांचा बहार आला की फेडू, तोवर तूच उभे कर, असं वडिलांनी कळवलं. इतवारीतला सावकार म्हणाला, रुपयामागे पैसा. सहकारी बँक म्हणाली, शेकडा नऊ. मी हिशेब केला. शंभर रुपयांना शंभर पैसे; तेव्हा रुपयाचे पैसे चौसष्ट, म्हणजे एक रुपया नऊ आणे. कुठे ते आणि कुठे नऊ रुपये! सावकाराला होकार द्यायला निघालो आणि जाता जाता वामनरावांना थोड्या अभिमानानंच सांगितलं.

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. रागावले नाहीत.

"सावकाराचा पैसा महिन्याचा असते, बँकेचे नऊ वर्षाचे. दोघंही बोलून नाही दाखवत. तू काहून नाही विचारलं?"

आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात दर वर्षाचेच असत. मी बारानं गुणलं. अठरा रुपये बारा आणे! बँकेच्या दुपटीहून जास्त. मला मान वर करवेना.

बँकेला जामीन हवा होता. वामनरावांनी काळा कोट चढवला आणि माझ्याबरोबर आले. अर्ज त्यांनीच भरला. मुदतीच्या जागी लिहिलं, दोन वर्षं.

"काका," मी भीत भीत म्हणालो, "परीक्षा झाली की मी गावीच जाणार. बहारावर वर्षातच फिटतील. दुसऱ्या वर्षाचं व्याज उगाच पडेल." मला वाटलं, या हिशेबावर ते खूश होतील.

ते टाकाच्या टोकाकडे पाहत राहिले. "दुसऱ्या वर्षाचं मी भरीन," ते म्हणाले. मग टाक दौतीत बुडवून, "अन् फिटेपर्यंत जामिनाच्या डोळ्यापुढं राहा लागते. नियमच हाय तसा."

मी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. तसा नियम कुठेच नव्हता.

मी टाक घेतला आणि सही केली.