पाचवा नंबर

मोरे सरांनी कार्ड कंपनीला चौथ्यांदा फोन लावला, तेव्हा अक्काबाई समोर बसून चौथं बिस्कीट चहात बुडवत होत्या. आधीची तीन बिस्किटं कपातच विरघळली होती, कारण फोन लागला की त्या बिस्कीट विसरून भावाच्या तोंडाकडे बघत राहायच्या. बुडवून खायची हौस नव्हती, नाइलाज होता. तोंडात वरचे दोन आणि खालचा एक एवढेच दात उरले होते, आणि त्यांची आपसात गाठ पडत नव्हती.

कवळीसाठी अक्काबाईंनी बँकेत सहा हजार साठवले होते. बारामतीच्या डॉक्टरांनी तारीखही दिली होती. पैसे काढायला गेल्या, तर खात्यात अकराशे अठ्ठ्याऐंशी रुपये! बाकीचे चार हजार आठशे बारा क्रेडिट कार्डाच्या कंपनीने परस्पर कापून नेले होते. वार्षिक शुल्क, सुरक्षा कवच, उशिराचा दंड आणि या सगळ्यावर कर. हे कार्ड त्यांना दोन वर्षांपूर्वी लोणी भापकरच्या बाजारात, "मावशी, आयुष्यभर फुकट हाय, निस्ता अंगठा लावा," असं म्हणून मिळालं होतं. त्यांनी ते एकदाही न वापरता आधारकार्डाच्या शेजारी जपून ठेवलं होतं.

"पैसं मी देतो, अक्का. आधी दात बसव," सर म्हणाले होते.

"तुझं कशापायी? कंपनीनं नेलं, कंपनीनंच द्यावं. चणं हायती पर दात न्हाईत असं आईकलं हुतं. हितं दातच कंपनीनं नेलं!"

"मग माझा शब्द हाय तुला. कंपनीच्या पैशानंच तुझं दात बसवीन."

शब्द देताना सरांची छाती फुगली होती. बुद्धघोष मोरे वालचंदनगरच्या शाळेत चौतीस वर्षं क्रीडाशिक्षक होते. निवृत्त होऊन माळेगावला राहायला आल्यावर शिट्टी वाजवली की पळणारं कोणी उरलं नाही, म्हणून त्यांनी ग्राहक जागृती मंच काढला. अध्यक्ष ते स्वतः, उपाध्यक्ष शेजारचे पेरूबागायतदार आबासाहेब आणि सचिव पत्नी अनिता. 'वाचल्याशिवाय सही करू नका' हे मंचाचं ब्रीद ज्या ठरावात होतं, त्यावरसुद्धा अनिताबाईंनी न वाचताच सही केली होती.

फोन लागला. वीस मिनिटं बासरी वाजली, मग प्राची नावाची मुलगी बोलू लागली.

"सर, आपली तक्रार नोंदवली आहे. आणखी काही मदत करू शकते?"

"पयली केली असती तर दुसरी मागितली असती, बाळ," सर म्हणाले. पण पोरीचा आवाज थकलेला वाटला, म्हणून तिला अधिक बोलवेना.

फोन ठेवला आणि मोबाईलवर संदेश आला. 'आमची सेवा कशी वाटली? १ ते ५ मधला एक अंक पाठवा.' बस्स, एवढाच.

सरांचे डोळे चमकले. चौतीस वर्षं ते धावपट्टीच्या शेवटी उभे राहून नंबर देत आले होते. पहिल्याला ढाल, दुसऱ्याला पेला, तिसऱ्याला प्रमाणपत्र, चौथ्याच्या पाठीवर थाप आणि पाचव्याला काही नाही. पाचव्याने गुपचूप घरी जायचं. आता या मुजोर कंपनीने आपण होऊन आपला नंबर त्यांच्या हातात दिला होता.

"घे! पाचवा!" म्हणत सरांनी बटण दाबलं.

"अहो, नीट विचारून तरी घ्या कुणाला," अनिताबाई आतून म्हणाल्या.

"नंबर कसा द्यायचा हे मला विचारायचं असतं. मी कुणाला विचारू?"

त्याच संध्याकाळी समाजमंदिरात सभा झाली. कंपनीने असाच हात मारलेली तीस-चाळीस माणसं जमली. सरांनी सगळ्यांना एकाच वेळी फोन लावायला लावले, आणि मंदिरभर बासऱ्या वाजू लागल्या. तक्रार नोंदवून झाली की सर खुर्चीवर उभे राहून ओरडायचे, "आता संदेश यील. पाच दाबायचा. दया दाखवायची न्हाय!"

"चार दिला तर?" एकाने विचारलं.

"चार म्हंजी पाठीवर थाप. थाप मारायची हाय का तुमाला?"

कोणालाच मारायची नव्हती. अक्काबाईंनीही कोपऱ्यात बसून फोनवर काहीतरी दाबलं, आणि शेवटच्या गाडीने आपल्या गावी, लोणी भापकरला निघून गेल्या.

दोन दिवसांनी सगळ्यांना संदेश आला. 'आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे.' पैसे कोणालाच आले नव्हते. सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बघितलंत? वर समाधान म्हणत्यात! ह्याला म्हणायचं चोराच्या उलट्या बोंबा."

"आता काय करायचं?" आबासाहेबांनी विचारलं.

"आनखी पाच द्यायचं!"

मग मोहीम पेटली. आबासाहेबांनी पेरूचा टेम्पो दिला. सरांनी जुनी शिट्टी गळ्यात घातली. इंदापूर, वालचंदनगर, जिथे म्हणून त्या कंपनीचं कार्ड घेतलेला एक माणूस सापडेल तिथे सर जाऊन पाच दाबवून घेऊ लागले. साखर कारखान्यात रांगेत उभे असलेले ट्रॅक्टरवालेही सुटले नाहीत. जितके पाच जात, तितक्या लवकर तक्रारी निकाली निघत, आणि जितक्या लवकर निघत, तितका सरांचा त्वेष वाढे. तीन आठवड्यांत वहीत सहाशे चाळीस पाच जमा झाले. अक्काबाईंचा फोन मात्र सर घेईनासे झाले. उचलला असता तर दातांचं काय झालं ते सांगावं लागलं असतं, आणि सांगण्यासारखं काही नव्हतं. रात्री जेवताना भाकरीचा तुकडा मोडला की बहिणीचं तोंड आठवे आणि घास गिळवत नसे.

अशात पुण्याहून फोन आला. कंपनीचे विभागीय अधिकारी अविराज साहेब शनिवारी खुद्द माळेगावला येऊन सरांना भेटणार होते.

"टेकलं!" सर ओरडले. "गुडघं टेकलं कंपनीनं!"

त्यांनी लगेच अक्काबाईंना फोन लावला. "शनिवारी ये. तुझं पैसं घिऊन साहेब येतोय."

"आरं बाळू, मी तुला कवाधरनं सांगाया बघतीय..."

"आता काय सांगू नगं, समदं शनिवारी!" म्हणत सरांनी फोन ठेवला.

शनिवारी समाजमंदिर गच्च भरलं. तीनशे माणसं, बाहेर टेम्पो, पाहुण्यांसाठी आबासाहेबांच्या बागेतले चार क्रेट पेरू. अविराज साहेब गाडीतून उतरले. मागे त्यांच्या ड्रायव्हरच्या हातात शाल, श्रीफळ आणि हातभर उंचीची ढाल होती. नुकसानभरपाई देऊन वर माफीही मागणार असं वाटून सरांनी खालमानेने शाल स्वीकारली.

अविराज साहेबांनी माईक घेतला. "मित्रहो, माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत असा भाग मी पाहिला नाही. पैसे कापले गेल्यावरही ग्राहक फोन करतात, शांतपणे बोलतात आणि पाचच्या पाच देतात! राज्यातला सर्वांत समाधानी ग्राहकवर्ग म्हणून ही ढाल आम्ही आपल्याला देत आहोत. आणि यामागचे प्रेरणास्थान, मोरे सर, यांनी एकट्याने एक्केचाळीस वेळा पाच दिले आहेत!"

मंदिरात कोणी टाळी वाजवली नाही.

"पाचवा दिला," सर कसेबसे म्हणाले. "पाचवा नंबर. शेवटचा."

"नाही सर," अविराज हसले. "पाच म्हणजे सर्वोत्तम. एक म्हणजे सर्वांत वाईट. सगळीकडे असंच असतं."

सर मटकन खुर्चीत बसले. आबासाहेब उठले. "म्हंजी तीन आठवडं माझं डिझेल जाळून आमी ह्यांची आरती केली?"

"हात दाखवून अवलक्षण!" मागून कोणीतरी म्हणालं.

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पाय चिरला तरी शर्यत अर्ध्यात सोडू नये, असं पोरांना शिकवलेला माणूस तो. ते उठले, माईक घेतला. "मंडळी, ह्यात कंपनीचं एक पाप हाय आणि दुसरं माझं. न विचारता पैसं कापलं ते त्यांचं. न विचारता शहाणपण शिकवलं ते माझं. तुमचं पैसं आलं न्हाईत, आणि माझ्या अक्काला दिलेला शब्दबी गेला..."

"कुठं गेला?" दारातून आवाज आला.

अक्काबाई आत आल्या. येता येता क्रेटमधला एक पेरू उचलला आणि सगळ्यांच्या देखत कच्चकन चावला. वर-खाली बत्तीस दात झळकले. सरांचा माईक हातातच राहिला.

"अक्का! पैसं कुठनं आलं?"

"कंपनीनं दिलं की. चार दिसांत समदं. दात आज सकाळी बसलं."

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

"फोन उचलायला पायजे हुतास. आन उचललास तवा तूच बोलत व्हतास. आन फोनवर दात दिसत्यात व्हय?"

अविराज साहेब पुढे झाले. "आजी, आपण किती दिला होता?"

"एक."

"एक? मी पाच म्हणालो हुतो!" सर ओरडले.

"तू म्हणशील. आरं, ज्याच्याकडनं पैसं काढायचं त्याला शेवटचा नंबर दिऊन चालतंय का? खुशामत करावी लागती. म्या पयला नंबर दिला. दुसऱ्या दिशी मोठ्या बाईचा फोन आला. म्हणली, आजी, तुमी लई नाराज हाय का? म्या म्हणलं, नाराज कशापायी, चांगला एक दिलाय की! तर ती लईच घाबरली. माफी मागितली आन पैसं पाठवलं."

अविराज साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. "एक आला की तक्रार थेट वरिष्ठांकडे जाते. चोवीस तासांत फोन करावाच लागतो."

तीनशे खिशांतून तीनशे फोन बाहेर निघाले.

"थांबा, थांबा! सगळे एकदम नको!" अविराज साहेब कळवळले. "मंडळी, माझी नोकरी आहे..."

सरांना पुन्हा जीव आल्यासारखं झालं. त्यांनी शाल खांद्यावरून सावरली, खुर्चीवर चढले आणि घसा खाकरला. "मंडळी, आता सगळ्यांनी..."

पण त्यांच्याकडे कोणी बघतच नव्हतं. सगळी तोंडं अक्काबाईंकडे वळली होती.

"अक्काबाई, नक्की एक ना?" आबासाहेबांनी विचारलं.

"एकच. आन फोनवरच्या पोरीशी गोड बोला, तिनं न्हाय नेलं तुमचं पैसं. म्हातारी मान्सं आधी. ह्या बाजूनं रांग करा."

एका मिनिटात रांग लागली. चौतीस वर्षांत शिट्टी फुंकून सरांना इतकी सरळ रांग कधी लावता आली नव्हती. ते खुर्चीवरून उतरले आणि हळूच बहिणीच्या शेजारी येऊन आपला फोन काढू लागले.

अक्काबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या पिशवीत टाकला.

"बाळू, तू फोनला हात लावू नगंस. तीनशे मान्सं हायती, पेरू चीर."

आणि ग्राहक जागृती मंचाचे अध्यक्ष, खांद्यावर कंपनीची शाल तशीच ठेवून, मुकाट्याने पेरू चिरायला बसले.